एक लाइन, एक मोडेम: लिनक्सवर फॅक्स आणि डेटा कॉल

तालुक्याच्या गावातलं ऑफिस. टेलिफोनची लाइन एकच आणि तिच्यावर गिऱ्हाइकं तीन: बोलायला फोन करणारी माणसं, फॅक्स पाठवणारे, आणि बाहेरगावी मुक्कामाला गेलेले प्रतिनिधी, ज्यांना रात्री लॅपटॉप लावून ऑफिसच्या मशीनवरची ऑर्डरची फाइल बघायची असते (हा डेटा कॉल). २००० सालच्या आसपास अशी मांडणी आम्ही डेबियन लिनक्स, एक एक्स्टर्नल मोडेम आणि एमगेटी या प्रोग्रॅमवर उभी केली. एमगेटी म्युनिकच्या गेर्ट ड्योरिंग यांनी लिहिलेला. सोबत फॅक्स पाठवण्यासाठी सेंडफॅक्स येतो. डेबियनमध्ये त्यांची पॅकेजं आजही आहेत, त्यामुळे पुढचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच जातात.

या सगळ्या खटाटोपात प्रश्न एकच, फोन उचलायचा कोणी? मोडेमला स्वतःहून उचलता येतो. त्याच्या आतल्या एस० रजिस्टरमध्ये, म्हणजे सेटिंगच्या एका खान्यात, १ टाकला की पहिल्या रिंगला तो कॉल घेतो. पुष्कळ लोक इथेच फसतात. मोडेमने परस्पर कॉल घेतला तर कॉम्प्युटर त्या वेळी तयार आहे का, मशीन हँग झालंय का, पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे का, हे मोडेमला कळायचा मार्ग नाही. पलीकडच्याला शिट्टी ऐकू येते, त्याचं बिल चालू होतं आणि इकडे कोणीच नसतं. एमगेटीची पद्धत उलटी आहे. एस० कायम शून्य. मोडेमने फक्त ‘रिंग’ म्हणून वर्दी द्यायची, रिंगा मोजायच्या एमगेटीने, आणि योग्य वाटलं तर ‘एटीए’ पाठवून उचलायला सांगायचंही त्यानेच. कॉम्प्युटर बंद असेल तर फोन नुसता वाजत राहतो, आणि तेच बरोबर आहे.

मोडेम घेताना पहिली अट म्हणजे तो डब्यासारखा वेगळा, सीरियल पोर्टला लागणारा हवा. कॉम्प्युटरच्या आत बसणारी स्वस्तातली कार्डं बहुतेक विनमोडेम असतात. त्यांचं अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो आणि लिनक्सवर ती निव्वळ शोभेची ठरतात. शिवाय एक्स्टर्नल मोडेमवर दिवे असतात. लाइन उचलली गेली की ‘ओएच’, पलीकडचा कॅरियर, म्हणजे दुसऱ्या मोडेमचा सूर, मिळाला की ‘सीडी’, कॉम्प्युटर जागा असला की ‘टीआर’. निम्मी दुरुस्ती या दिव्यांकडे बघूनच होते.

दुसरी अट फॅक्सच्या क्लासची. क्लास १ मध्ये मोडेम फक्त आवाजाचे बिट करतो, टी.३० या फॅक्सच्या नियमावलीतला सगळा संवाद कॉम्प्युटरला वेळेच्या काटेकोर मर्यादेत सांभाळावा लागतो. क्लास २ आणि २.० मध्ये तो संवाद मोडेम स्वतः करतो आणि कॉम्प्युटरला तयार पान देतो. एमगेटी मूळचा या दुसऱ्या जातीसाठी लिहिलेला. हातात क्लास १ चाच मोडेम असेल तर हायलाफॅक्स किंवा ईफॅक्स हे प्रोग्रॅम बघावेत. क्लास २ आणि २.० यांच्यात ‘पॉइंट शून्य’ एवढाच फरक दिसत असला तरी दोघांची भाषा वेगळी आहे. क्लास २ हा कधी पक्का न झालेल्या मसुद्यावर बेतलेला, २.० हा अधिकृत मान्यता मिळालेला. मसुद्यावर बेतलेल्याच मोडेमची बाजारात रेलचेल होती, आणि प्रत्येक कंपनीने तो मसुदा आपापल्या परीने वाचला होता.

केबलकडे कोणी लक्ष देत नाही, आणि सर्वांत जास्त वेळ तीच खाते. पूर्ण तारांची मोडेम केबल लागते. नऊ पिनांच्या टोकाला १ नंबरवर डीसीडी, ४ वर डीटीआर, ७ आणि ८ वर आरटीएस व सीटीएस; पंचवीस पिनांच्या टोकाला हेच अनुक्रमे ८, २०, ४ आणि ५ वर. दुकानदार कधी कधी दोन कॉम्प्युटर जोडायची नल-मोडेम केबल हातात देतो, कधी तीनच तारांची. तीन तारांवर मोडेमला दिलेल्या ‘एटी’ या हाकेला ‘ओके’ येतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग कॉल संपतो आणि मोडेम लाइन सोडतच नाही, कारण लाइन सोडायचा हुकूम डीटीआरच्या तारेवरून जातो आणि ती तारच जोडलेली नसते. मल्टीमीटर लावून पिना एकदा तपासून घेतल्या की पुढचा वैताग वाचतो.

पोर्टची चिपही पाहावी. जुन्या ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये एकाच बाइटची जागा असते, १६५५०ए मध्ये सोळा बाइटची. जुन्या चिपवर डिस्क चालू असताना बाइट गळतात, आणि फॅक्समध्ये गळलेला बाइट म्हणजे विस्कटलेली ओळ. ‘सेटसीरियल’ कमांड चिप कोणती ते सांगते. पहिला पोर्ट टीटीवायएस०, इंटरप्ट (कॉम्प्युटरचं लक्ष वेधायची तार) ४. दुसरा टीटीवायएस१, इंटरप्ट ३. तिसरा पोर्ट बहुधा पहिल्याचाच इंटरप्ट वापरायला जातो आणि दोघेही अडखळतात.

आता लाइन. भिंतीवरच्या रोझेटमधून निघालेली जोडी आधी मोडेमच्या ‘लाइन’ खाचेत आणि तिथून ‘फोन’ खाचेतून टेलिफोनला. काही ऑफिसांत आतल्या खोलीत पॅरलल फोन असतो. तो काढून टाकावा, किंवा मोडेमच्या मागून घ्यावा. मोडेम बोलत असताना आतल्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला की डेटा कॉल तुटतो आणि फॅक्सचं पान मधूनच काळं-पांढरं पट्टेरी होतं. कॉल वेटिंग एक्स्चेंजला सांगून बंद करून घ्यावं. त्याची टिकटिक मोडेमला कॅरियर गेल्यासारखी वाटते.

भारतातल्या रिंगचा ठेका वेगळा आहे, हे परदेशी कागदपत्रांत सापडत नाही. आपली घंटा जोडीने वाजते: ०.४ सेकंद वाजली, ०.२ थांबली, पुन्हा ०.४ वाजली, मग २ सेकंद शांत. काही मोडेम या जोडीला एक रिंग म्हणतात, काही दोन. त्यामुळे ‘तीन रिंगांनंतर उचल’ असं सांगितलं की एक मोडेम तिसऱ्या जोडीला उचलतो आणि दुसरा दुसऱ्या जोडीच्या पहिल्याच ठोक्याला, म्हणजे टेबलापर्यंत माणूस पोचायच्या आत. आपला मोडेम कसं मोजतो ते मिनिकॉम (मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्रॅम) उघडून, मोबाइलवरून किंवा शेजारच्या फोनवरून रिंग देऊन पाहावं, आणि मग आकडा ठरवावा. बाहेर कॉल करताना याचंच भावंड भेटतं: आपला डायलटोन मोडेमला ओळखू येत नाही आणि तो ‘नो डायलटोन’ म्हणून बसतो. त्यावर ‘एटीएक्स३’ हा उपाय, म्हणजे टोनची वाट न पाहता सरळ नंबर फिरवायचा. एक्स्चेंज जुनं असेल तर ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’, पल्सने.

मिनिकॉममध्ये असताना आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. ‘एटी+एफक्लास=?’ विचारलं की ०, १, २ अशी यादी येते. यादीत २ किंवा २.० नसेल तर इथेच थांबावं. मग ‘एटीआय३’सारख्या कमांडने चिप आणि तिची आवृत्ती समजते, आणि ती कागदावर लिहून ठेवावी. मोडेमच्या डब्यावरचं नाव काहीही असो, आतली चिप कोणाची यावर त्याच्या खोडी ठरतात. हे झालं की मिनिकॉममधून नीट बाहेर पडावं. तसंच टर्मिनल बंद केलं तर पोर्ट वापरात आहे असं सांगणारी कुलूपफाइल मागे राहू शकते.

एमगेटीची मुख्य फाइल /इटीसी/एमगेटी/एमगेटी.कॉन्फिग. तिच्यात पोर्टच्या नावाखाली मोजक्याच ओळी लागतात. ‘स्पीड’ ३८४०० किंवा त्याहून वर; हा कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग, लाइनवरचा नव्हे. ‘रिंग्ज’ आपण मोजून ठरवलेल्या. ‘मोडेम-टाइप’ क्लास २ साठी ‘सीएलएस२’, २.० साठी ‘सी२.०’. ‘ऑटो’ही चालतं, पण दोन्ही क्लास सांगणारे काही मोडेम एकातच नीट वागतात, म्हणून स्वतः ठरवून लिहिलेलं बरं. ‘फॅक्स-आयडी’मध्ये आपला नंबर, जास्तीत जास्त वीस अक्षरं, त्यात आकडे, अधिक चिन्ह आणि मोकळी जागा एवढंच, ऑफिसचं नाव घालायचा मोह टाळावा. ‘डीबग’ सुरुवातीला ५-६ ठेवावं, बसल्यावर ४. ‘इनिट-चॅट’मध्ये मोडेमला जागं करणारी ओळ: एस०=०, क्यू०, अँड सी१, अँड डी३ आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे जागा भरली की आरटीएस-सीटीएसच्या तारांवरून समोरच्याला थांबवणं. फ्लो कंट्रोलची कमांड चिपनुसार बदलते. रॉकवेल घराण्यात ती अँड के३, यूएस रोबोटिक्समध्ये अँड एच१ अँड आर२. अँड सी१ मुळे सीडी खरोखर कॅरियर असतानाच पेटतो, आणि अँड डी३ मुळे डीटीआर पडला की मोडेम लाइन सोडून स्वतःला रिसेट करतो. ही दोन चुकली तर मघाची केबल कितीही चांगली असून उपयोग नाही.

मग इनिटटॅब या फाइलमध्ये ‘रिस्पॉन’ची एक ओळ, म्हणजे प्रत्येक कॉलनंतर इनिट (बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा लिनक्सचा पहिला प्रोग्रॅम) एमगेटीला पुन्हा उभं करतो, आणि ती ओळ लागू करायला ‘इनिट क्यू’. आज इनिटच्या जागी आलेल्या सिस्टीमडीवर हेच काम छोट्या सर्व्हिस फाइलने होतं; ‘रिस्टार्ट=ऑल्वेज’ विसरायचं नाही, नाहीतर पहिला कॉल घेऊन एमगेटी जातो तो परत येत नाही. त्याच पोर्टवर आधीपासून साधा गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) किंवा सीरियल कन्सोल लावलेला नाही ना, हे बघावं. दोन गेटी एका पोर्टवर म्हणजे एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याने गिळणं. स्क्रीनवर ‘रिस्पॉनिंग टू फास्ट, डिसेबल्ड फॉर ५ मिनिट्स’ असं येऊ लागलं तर एमगेटी उभा राहता राहता पडतोय. पोर्टचं नाव चुकलंय, मोडेम बंद आहे किंवा कॉन्फिगमध्ये शब्द चुकलाय. कॉन्फिग बदलल्यावर चालू एमगेटीला मारावं लागतं; फाइल तो सुरुवातीला एकदाच वाचतो.

लॉग /व्हार/लॉग/एमगेटी/ मध्ये पोर्टच्या नावाने असतो. तो ‘टेल -एफ’ लावून समोर ठेवावा आणि बाहेरच्या एखाद्या फॅक्स मशीनवरून (तेव्हा गावातला एसटीडी बूथ असायचा) स्वतःलाच एक पान पाठवायला लावावं. रिंग, रिंग, रिंग, मग एटीए. ओएचचा दिवा लागतो. मोडेम २१०० हर्ट्झची लांब शिट्टी देतो, नंतर ३०० बिटच्या वेगाने आपली कुवत सांगणारी घरघर सुरू करतो. पलीकडे फॅक्स असेल तर तो ओळख देतो आणि लॉगमध्ये ‘+एफकॉन’ उमटतं. त्यामागे ‘+एफटीएसआय’ आणि अवतरणात पाठवणाऱ्याचा नंबर, मग ‘+एफडीसीएस:१,३,०,२,०,०,०,०’. या आकड्यांत सगळं आहे. पहिला १ म्हणजे फाईन (बारीक, दाट ओळींचं पान), ० असता तर साधं. दुसरा ३ म्हणजे सेकंदाला ९६०० बिटचा वेग. ५ असता तर १४४००. एमगेटी ‘एटी+एफडीआर’ पाठवतो, मोडेम ‘कनेक्ट’ म्हणतो आणि आरडीचा दिवा सलग चमकू लागतो. पान संपलं की ‘+एफपीटीएस:१’, म्हणजे पान चांगलं. ‘+एफईटी:२’, म्हणजे आणखी पान नाही. आणि शेवटी ‘+एफएचएनजी:०’, सुखरूप.

पलीकडे मोडेम असेल तर ‘+एफकॉन’ येत नाही. फॅक्सची घरघर काही सेकंद वाया जाते, मग मोडेम डेटाची बोलणी सुरू करतो आणि लॉगमध्ये ‘कनेक्ट’ उमटतं. म्हणजे डेटा कॉल करणाऱ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबावं लागतं. त्याच्या मोडेमचा एस७, म्हणजे कॅरियरची वाट पाहायचा वेळ, वाढवून ९० सेकंद करायला सांगावं. तीन रिंगा आणि फॅक्सची चौकशी यात तीसएक सेकंद सहज जातात.

एसटीडी बूथवाल्याची एक खास अडचण असायची. आपोआप पाठवणारं मशीन दर साडेतीन सेकंदांनी ११०० हर्ट्झचा अर्धा सेकंद ‘बीप’ देत राहतं आणि मोडेमला कळतं की फॅक्स आहे. बूथवाला मात्र हाताने नंबर फिरवतो, रिसीव्हर कानाला लावून ‘हॅलो’ची वाट पाहतो, शिट्टी ऐकतो, पान सरळ करतो आणि मग ‘स्टार्ट’ दाबतो. तोवर मोडेमने पलीकडे फॅक्स नाही असं धरून डेटाची ओरड सुरू केलेली असते. बूथवाला म्हणतो, ‘तुमचं मशीन खराब आहे.’ शिट्टीचा पहिला सूर आला की लगेच स्टार्ट दाबा, एवढं सांगितल्यावर तेच मशीन सुधारतं.

आता रॉकवेल चिपवाल्या पुष्कळ मोडेमची ती प्रसिद्ध खोड. लॉगमध्ये ‘+एफकॉन’ येतं आणि त्यापुढे नुसता कचरा, किंवा काहीच नाही. पाठवणाऱ्याच्या मशीनवर ‘कम्युनिकेशन एरर’. झालेलं असं असतं की फॅक्स जोडला जाताच मोडेम कॉम्प्युटरशी बोलायचा वेग गुपचूप १९२०० वर नेतो आणि कॉम्प्युटर अजून ३८४०० वरच ऐकत असतो. उपाय एका ओळीचा, एमगेटी.कॉन्फिगमध्ये ‘स्विचबीडी १९२००’. एमगेटी ‘+एफकॉन’ दिसताच आपलाही वेग बदलतो. ही ओळ माहीत नसल्यामुळे चांगले मोडेम परत गेलेले आहेत.

आलेली पानं /व्हार/स्पूल/फॅक्स/इनकमिंग मध्ये साठतात, एका पानाची एक फाइल. नाव ‘एफएन’ने सुरू झालं तर साधं, ‘एफएफ’ने तर फाईन, पुढे वेळ, पोर्ट, पाठवणाऱ्याचा आयडी आणि टिंबानंतर पानाचा नंबर. मजकूर जी३ प्रकारात दाबलेला असतो, ओळीला १७२८ ठिपके. जी३२पीबीएम हे सोबतचं साधन त्याचं चित्र करतं. साध्या पानाला ‘-एस’ द्यावं, नाहीतर चित्र उभ्यात निम्मं, चेपलेलं दिसतं.

आलेलं पान आपोआप छापायचं किंवा मेलने पाठवायचं असेल तर ‘न्यू_फॅक्स’ नावाचं स्क्रिप्ट लिहावं. एमगेटी त्याला आधी लाइन कशी सुटली तो कोड देतो, मग पाठवणाऱ्याचा आयडी, मग पानांची संख्या आणि पुढे फाइलींची नावं. पहिले तीन बाजूला काढून उरलेल्यांवर चक्र फिरवायचं. स्क्रिप्टला चालवायची परवानगी द्यायला आणि प्रत्येक साधनाचा पूर्ण पत्ता लिहायला विसरू नये. हाताने चालतं आणि फॅक्स आल्यावर चालत नाही, याचं कारण बहुधा या दोहोंतलं एक. कोड शून्य नसला तरी पानं फेकून देऊ नयेत. पाचपैकी चार पानं नीट आलेली असतात आणि पाठवणारा निर्धास्त घरी गेलेला असतो.

मराठी कागदांपुरती एक सूचना. साध्या फॅक्समध्ये मिलिमीटरला ३.८५ ओळी, फाईनमध्ये ७.७. छापील बारीक टाइपातला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर साध्या फॅक्समध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. अनुस्वार वेलांटीत मिसळतो, ‘प’चा ‘ष’ होतो, आणि सातबाराच्या झेरॉक्सवरचे गट नंबर अंदाजाने वाचावे लागतात. किती बारीक पाठवायचं हे पाठवणारा ठरवतो. आपला मोडेम फक्त ‘मला फाईन घेता येतं’ एवढंच सांगू शकतो. तेव्हा समोरच्याला ‘फाईन’चं बटण दाबायची विनंती करावी. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण पुन्हा मागवण्यापेक्षा स्वस्त.

पान सगळंच बारकोडसारखं दिसलं, एकही अक्षर नाही, तर बाइटमधल्या बिटांचा क्रम उलटा झालेला असतो. नेटपीबीएम या चित्रांच्या साधनसंचातल्या जी३टूपीबीएमला ‘-रिव्हर्सबिट्स’ देऊन पान वाचवता येतं आणि खात्रीही पटते. पान मधेमधेच फाटल्यासारखं दिसलं तर फ्लो कंट्रोल किंवा चिप. आडव्या रेघा विखुरलेल्या असतील तर लाइनचा आवाज.

लाइन सुटतानाचे कोड (‘+एफएचएनजी’पुढचा आकडा) गटांनी लक्षात ठेवावेत. ७० ते ८९ म्हणजे घेताना बोलणीच फिसकटली. तिथे मोडेमचा क्लास, वेग आणि बूथवाल्याचा स्टार्ट यांच्याकडे बघावं. ९० ते ९९ म्हणजे पान येत असताना बिघडलं; ९१ म्हणजे पाच सेकंद ओळीचा शेवटच दिसला नाही. शंभरच्या पुढे पान झाल्यावरच्या होकार-नकारात गडबड. पाठवणारा आधी दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून लाइन अजमावतो. ती विस्कटून आली की आपला मोडेम नकार देतो आणि वेग १४४०० वरून खाली उतरत जातो. कोड ० पण ‘+एफडीसीएस’मध्ये कायम १ किंवा २ दिसत असेल, तर फॅक्स येत असले तरी लाइन आजारी आहे.

डेटा कॉलसाठी वेगळी फाइल, लॉगिन.कॉन्फिग. शेवटची ओळ तारांकनाची, म्हणजे उरलेल्या सगळ्यांना साधं लॉगिन. तिच्या वरची ‘/ऑटोपीपीपी/’ची ओळ चालू करावी. विंडोजचं डायल-अप नेटवर्किंग जोडल्याबरोबर पीपीपीची (फोनलाइनवरून नेटवर्क जोडायच्या पद्धतीची) पाकिटं फेकू लागतं, लॉगिनच्या प्रश्नाला उत्तर देत बसत नाही. एमगेटी ती पाकिटं ओळखतो आणि कॉल थेट पीपीपीडी या पीपीपी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. त्या ओळीत ‘ऑथ’, ‘-चॅप’, ‘+पॅप’ आणि ‘लॉगिन’ हवेत (चॅप आणि पॅप या पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती, पॅपमध्ये तो उघडा जातो), म्हणजे लिनक्सवरचाच पासवर्ड चालतो. पॅप-सीक्रेट्स फाइलमध्ये मोकळ्या पासवर्डाची एक सरसकट ओळ. पलीकडे विंडोजवर ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ची खूण काढावी लागते, नाहीतर पॅपला ते नकार देतं. पोर्टच्या ऑप्शन्स फाइलमध्ये दोन टोकांचे आयपी पत्ते, ‘प्रॉक्सीएआरपी’ आणि ‘आयडल ६००’. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. कोणी जोडून जेवायला गेला तर दहा मिनिटांत लाइन सुटते. नाहीतर रात्रभर फॅक्सवाल्यांना एंगेज. ‘नोऑथ’ लिहून काम पटकन होतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी तेच लिहिलेलं दिसतं. मोडेम लागलेला नंबर शोधायला नंबरामागून नंबर फिरवणारे लोक असतात. त्यांच्यासाठी ते उघडं दार आहे.

मोडेम ५६ के चा घेतला म्हणून डेटा त्या वेगाने येईल ही आशा सोडावी. त्या वेगासाठी एका टोकाचा मोडेम डिजिटल लाइनवर लागतो, जसा इंटरनेट कंपन्यांकडे असे. साध्या लाइनीवरचे दोन मोडेम जास्तीत जास्त ३३६०० ला जोडले जातात, आणि तालुक्याच्या लाइनवर २४००० मिळाले तरी चांगलं.

माणसांच्या फोनची सोय सोपी आहे. /इटीसी/नोलॉगिन.टीटीवायएस० ही रिकामी फाइल असेपर्यंत एमगेटी रिंगा ऐकतो पण उचलत नाही. ठरल्या वेळी कामं करणाऱ्या क्रॉनमध्ये सकाळी साडेनऊला ती तयार करायची, संध्याकाळी सातला पुसायची. दिवसा फोन माणसं घेतात, रात्री मशीन. दिवसा फॅक्स यायचा असेल तर हाताने फाइल पुसावी. त्यासाठी दोन ओळींची स्क्रिप्ट करून ठेवली की ऑफिसातलं कोणीही करतं.

याच मोडेमवरून बाहेर कॉल करायचे असतील तर कुलूपफाइलीचं सांभाळावं. प्रत्येक प्रोग्रॅमने /व्हार/लॉकमध्ये एलसीके आणि पोर्टचं नाव असलेली फाइल करायची, आणि आत आपला प्रोसेस नंबर लिहायचा. एमगेटी ती पाहून बाजूला होतो आणि काम संपलं की मोडेम पुन्हा ताब्यात घेतो. कुलूप न लावणारा प्रोग्रॅम त्या पोर्टवर वापरूच नये. उन्हाळ्यात तापून मोडेम गप्प होतो तेव्हा ‘मोडेम-चेक-टाइम’ उपयोगी पडतं. एमगेटी ठरलेल्या वेळाने ‘एटी’ पाठवून तो जिवंत आहे का ते पाहतो. पार गोठलेल्या मोडेमला मात्र अडॅप्टर काढून लावण्याशिवाय इलाज नाही, आणि हे करायला रात्री ऑफिसात कोणी नसतं, म्हणून मोडेम हवेशीर जागी, मॉनिटरच्या डोक्यावर नाही.

वळवाच्या पावसात मोडेम जळतात ते विजेच्या बोर्डातून कमी आणि टेलिफोनच्या तारेतून जास्त. यूपीएस त्या तारेला काहीच करत नाही. ढग जमले की आरजे-११ची पिन काढणं हा खात्रीचा उपाय. खांबावरून तार येत असेल तर लाइनसाठीचं वेगळं सर्ज प्रोटेक्टर, नीट अर्थिंगला जोडलेलं. जुलै-ऑगस्टमध्ये लाइन खरखरते, कारण जमिनीतल्या जोडात पाणी शिरतं. लाइनमनला ‘फॅक्स येत नाही’ म्हटलं तर तो तुमच्या मशीनकडे बोट दाखवतो. त्याच्यासमोर रिसीव्हर कानाला लावून एक आकडा दाबावा. डायलटोन थांबल्यावर मागे जी खरखर उरते, ती त्याला ऐकवावी.

आज तांब्याची जोडी जाऊन फायबर आलेलं असेल तर हिशेब बदलतो. फायबरच्या डब्याच्या फोन खाचेतून आवाज पाकिटांनी जातो, आणि एखादं पाकीट उशिरा आलं तरी मोडेमचा ताल चुकतो. फॅक्स तरीही बऱ्याचदा निभावतो. आवाज न दाबणारं जी.७११ किंवा फॅक्ससाठीचं टी.३८ चालू आहे का ते विचारावं, आणि पाठवणाऱ्याच्या मशीनवर वेगाची कमाल ९६०० करता येत असेल तर करून घ्यावी. सीरियल पोर्टच नसलेल्या मशीनला यूएसबी मोडेम लावला तर पोर्टचं नाव टीटीवायएसीएम० येतं. कॉन्फिग, सर्व्हिस फाइल आणि नोलॉगिन, तिन्हीकडे नाव बदलायचं. डेटा कॉलचा नाद मात्र अशा लाइनवर करू नये. कॉल जोडला जातो, थोडा वेळ चालतो आणि तुटतो, आणि त्याच फायबरवर व्हीपीएन लावायला त्याहून कमी वेळ लागतो.